खुर्ची

पुणे,
२० मार्च

ती. मथुराआत्यास साष्टांग नमस्कार.

आठवडा झाला, तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस आणि उत्तर देत नाहीस. फोनवर मी तुला बोलू देत नाही, मध्येच तोडते, अशी तुझी जुनी तक्रार आहे, म्हणून हे पत्र. पत्रात कुणालाच मध्ये बोलता येत नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

मी चिडलेय. रत्नागिरीच्या त्या प्रदर्शनात तुला आमसुलाचा स्टॉल मिळावा म्हणून मी किती जणांच्या विनवण्या केल्या ते माझं मला माहीत. स्टॉलवर कसं उभं राहायचं, येणाऱ्याशी कसं बोलायचं, हे शिकवणं हा माझा धंदा आहे. मोठमोठ्या कंपन्या त्यासाठी मला बोलावतात. आणि माझ्या सख्ख्या आत्याच्या स्टॉलवर मी काय पाहिलं? दार उघडायच्या आत टेम्पो भरून आख्खी वाडी हजर! म्हणे तू घरोघर नारळ घेऊन बोलावणं करून आली होतीस. आत्या, तो स्टॉल होता, सत्यनारायणाची पूजा नव्हती.

पाहुण्यांसाठी म्हणून मांडलेल्या सगळ्या खुर्च्या तुझ्या भावकीनं धरल्या आणि एकदा बसली ती बसली. हरिश्चंद्रकाका ऐन मध्यावर, पाय लांब करून, बोटीवर असताना रॉटरडॅमच्या बंदरात काय झालं ते सांगत. चवीला ठेवलेली आंबापोळी वाडीनंच फस्त केली. गोदाकाकूंनी घावन्यांचा डबा उघडला. कुणीतरी ओला टॉवेल तुझ्या फलकावर वाळत घातला, तो नेमका तुझ्या नावावर. येणाऱ्या माणसाला दिसत होत्या त्या फक्त पाठी. मी डोळ्यांनी बघत होते. खांद्याला पिशवी लावलेला एखादा व्यापारी यायचा, जरा थबकायचा, इथं कसली तरी बैठक चाललीय असं समजून शेजारच्या स्टॉलवर जायचा.

महिनाभर मी तुला काय घोकून घेतलं होतं? बसायचं नाही. समोर आडवं उभं राहायचं नाही, बाजूला राहून वाट मोकळी ठेवायची. 'काय पाहिजे?' असं कधी विचारायचं नाही, कारण त्याला 'काही नाही, बघतोय' हेच उत्तर येतं. त्याला त्याच्या घरचं, त्याच्या धंद्याचं काही विचारायचं. तो बोलायला लागला की आपण गप्प बसायचं, आणि मग चव द्यायची.

मी तेच केलं. बडोद्याच्या त्या नम्रता दिघे, मसाल्याचा कारखाना असलेल्या, समोरून चालल्या होत्या. मी एवढंच विचारलं, "तुमच्याकडे डाळीला आंबटपणा कशाचा?" त्या थांबल्या. म्हणाल्या, "कोकमाचाच, पण आम्हाला मिळतं त्यात नुसतं मीठच." मग बोलतच सुटल्या. पायानं त्या लंगडत होत्या, म्हणून मी आत येऊन काकांना उठायला सांगितलं आणि त्यांना खुर्ची दिली. अर्ध्या तासात तुझं येत्या हंगामातलं सगळं आमसूल त्यांनी मागितलं. तेवढ्यात तुझी माणसं एकदाची जेवायला गेली आणि स्टॉल मोकळा झाला.

ऑर्डरचं पत्र सोबत जोडलंय. आता मला सांग, तू रुसलीस कशावर?

तुझी,
मृणाली

---

पावस,
२७ मार्च

चि. मृणालीस अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद देते, कारण तो देणं माझ्या हातात आहे. राग माझ्या हातात नाही.

'तुझी माणसं एकदाची जेवायला गेली' असं तू लिहिलंस. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि पाणी प्यायले. अगं, ती जेवायला नाही गेली. ती घरी गेली. हरिश्चंद्रभावजींनी आपली छत्री घेतली आणि भर उन्हात एसटी स्टँडपर्यंत चालत गेले. मी टेम्पोवाल्याला मागे पाठवलं, तर ते टेम्पोत चढले नाहीत, कारण टेम्पो मी सांगितलेला. ते गेले म्हणून सगळे उठले. गोदा तर डब्याचं झाकण विसरून गेली, ते अजून माझ्या फडताळात आहे. एवढी माणसं तुझ्या डोळ्यांसमोरून अपमान होऊन गेली आणि तुला वाटलं त्यांना भूक लागली! येणाऱ्या-जाणाऱ्याचा चेहरा वाचायचा असं तूच शिकवतेस ना? मग घरच्यांचे चेहरे वाचायला काय झालं होतं?

तू म्हणालीस, "काका, तुम्ही उठा आता, बाईंना बसू द्या." चार परक्यांच्या देखत. इथं आलेल्याला 'बस' म्हणतात, मृणाली, 'ऊठ' म्हणत नाहीत. ज्याच्याशी बांधाचं भांडण आहे तोही ओट्यावर टेकला तर तो आपणहून उठेपर्यंत घरातलं माणूस ताटकळत उभं राहतं. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा मला पहिली गोष्ट हीच सांगितली गेली. भावजी वाडीत सगळ्यांत वडील. त्यांना त्यांचा बाप सोडून कुणी उठवलं नसेल.

बोलावणं का केलं, विचारतेस. आमसुलाची शेड माझी आहे, पण झाडं कुणाची? माझ्या परड्यात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, झाडं ती कितीशी! बाकी सगळं फळ वाडीचं. फोडायला, मीठ लावायला, वाळत घालायला येणाऱ्या बायका वाडीच्या. प्रदर्शनात मांडलं होतं ते त्यांचंच. ज्याचं आहे त्याला बोलवायचं नाही आणि बडोद्याच्या बाईला बोलवायचं, हे मला शिकवू नकोस.

घावने तिथं खायला नको होते, हे कबूल. टॉवेल मी काढणारच होते. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हे तुझं लहानपणापासूनचं आहे आणि ते कुठल्याच कंपनीनं सुधारलेलं दिसत नाही.

तू येऊन भावजींची माफी माग. ऑर्डरचं मग बघू.

तुझी आत्या,
मथुरा

---

पुणे,
४ एप्रिल

ती. आत्यास सा. न.

मी माफी मागणार नाही.

एक बाई पाय धरून उभी आहे, तिचा चेहरा वेदनेनं कसनुसा झालाय, आणि समोर धडधाकट पुरुष खुर्चीत पाय पसरून आंबापोळी चघळतोय. मी त्याला उठायला सांगितलं, हा गुन्हा? जो माणूस जगभर बोटीवरून फिरला त्याला हे आपणहून सुचायला नको? का ओट्याचा नियम फक्त बसणाऱ्यासाठी असतो, उभ्या राहिलेल्यासाठी काहीच नसतं?

आणि मी ओरडले नाही, हात धरून ओढलं नाही. 'काका' म्हटलं, 'तुम्ही' म्हटलं. आणखी काय तबकात सुपारी ठेवून विनंती करायची होती?

आत्या, मला वाईट याचं वाटतं की तुला मिळालेल्या कामाचा तुला आनंदच नाही. पाच वर्षं तू ती शेड ओढतेयस. दर पावसाळ्याच्या तोंडावर निम्मं आमसूल पडेल त्या भावानं दलालाच्या गळ्यात मारतेस आणि मग मला फोन करून रडतेस. मी तुला सरळ विकत घेणारी बाई आणून दिली, तर तुला काकांच्या नाकाची काळजी! ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

भावकी आज रुसेल, उद्या बोलेल. गणपतीला तर सगळे एकत्र जेवतातच. तू काम सुरू कर. नम्रताबाईंना मी शब्द दिलाय.

मृणाली

---

पावस,
१६ एप्रिल

चि. मृणालीस आशीर्वाद.

हे तुला लिहिणार नव्हते. तुझं 'काम सुरू कर' वाचलं आणि राहवलं नाही.

रातांबे पिकले. यंदा झाडं लालभडक झालीत. आणि माझ्या शेडमध्ये वाडीची एक टोपली आलेली नाही. माझ्या परड्यातलं फळ मी एकटीनं फोडलं, ते एका ताडपत्रीवर मावलं. बाकी चार ताडपत्र्या घडी घालून ठेवल्या आहेत.

कुणी भांडायला आलं नाही. भांडले असते तर मी दोन शब्द बोलले असते. भावजी फक्त एवढंच म्हणाले म्हणे, "माझी फळां यंदा झाडाखालीच पडूं देत. पाखरा खातील." बस्स. दुसऱ्या दिवसापासून कुणाच्याच घरचं फळ येईना. गोदाच्या परड्यात झाडाखाली नुसता लाल चिखल झालाय, मुंग्या लागल्यात. बघवत नाही ग. फुकट जाणारं फळ बघितलं की माझ्या पोटात तुटतं, आणि तिच्याही तुटत असेल, पण ती माझ्याकडे बघत नाही.

मी त्यांच्या घरी गेले. भावजींनी मला बसवलं. चहा दिला, वर दुसरा घे म्हणाले. माझ्या गुडघ्याची चौकशी केली, तुझ्या बाबांची केली. तुझं नाव काढलं नाही. मी रातांब्याचा विषय काढला की ते समोरच्या माडाकडे बघायचे. सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही. मी तास दोन तास बसले आणि आपली आपण उठून आले.

आणि तू लिहितेस, आज रुसतील उद्या बोलतील. बोलतात ग, सगळेच बोलतात माझ्याशी. फळ देत नाहीत.

मथुराआत्या

---

पुणे,
२१ एप्रिल

ती. आत्यास सा. न.

वाचून डोकं फिरलं. स्वतःच्या झाडांची फळं स्वतःच कुजवतायत! कुणाला धडा शिकवतायत? मला? मला इथं पुण्यात काय फरक पडतो? फरक पडतो तो तुला, आणि त्या बायकांना, ज्यांना तुझ्या शेडवर दोन महिने काम मिळतं. हा मोठेपणा नाही, आत्या, हा हेकटपणा आहे, आणि तू समोर बसून त्यांचा चहा पीत होतीस!

सरळ सांगते. सावर्ड्याच्या बाजारातून रातांबे उचल. माझ्या ओळखीचा माणूस तिथं आहे, गाडी भरून पाठवेल. फोडायलाही तिकडच्याच बायका मिळतील. वाडीशिवाय अडत नाही हे एकदा कळू दे त्यांना.

आणि घाई कर, कारण नम्रताबाईंचा फोन होता. त्यांना माल घ्यायच्या आधी शेड बघायची आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात गोव्याहून परतताना त्या पावसला येतील. मी त्यांना 'जरूर या' म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? रिकाम्या ताडपत्र्या दाखवणार आहेस का तू त्यांना?

मृणाली

---

पावस,
२७ एप्रिल

चि. मृणालीस,

सावर्ड्याचा तुझा माणूस गाडी घेऊन आला होता. मी त्याला सरबत दिलं आणि गाडी परत पाठवली.

तुला कळणार नाही म्हणून फोडून सांगते. घरोघर फळ सडत असताना मी परगावचं फळ आणि परगावच्या बायका या वाडीत आणल्या, की या जन्मात मला कुणी फळ देणार नाही. आजचं रुसणं आहे, ते मग वैर होईल. मला इथं राहायचंय. मला खांदा द्यायला सावर्ड्याची माणसं येणार नाहीत.

नम्रताबाईंना कळव की यंदा जमत नाही. शेड या वर्षी बंद ठेवते. पुढच्या वर्षी अंगात बळ राहिलं तर बघेन, बहुतेक नाही राहणार.

तू जिंकलीस म्हण. शेजारच्या सगळ्या स्टॉलांमध्ये आपल्याच स्टॉलला ऑर्डर मिळाली.

मथुराआत्या

---

पुणे,
४ मे

ती. आत्या,

हे पत्र लिहायला मला बरेच दिवस लागले. नम्रताबाईंना मी अजून काही कळवलेलं नाही. फोन हातात घेते आणि ठेवून देते.

परवा बाबा जेवायला आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, जरा रंगवूनच सांगितलं, काकांची नक्कल करून. मला वाटलं ते हसतील. तुझा भाऊ म्हणजे तुझ्यासारखा नाही, चाळीस वर्षं पुण्यात आहे. ते जेवायचे थांबले. म्हणाले, "हरिश्चंद्राला तू ऊठ म्हणालीस?" मी म्हटलं, "बाबा, खुर्चीच तर होती." ताटावरून उठले, हात धुतले आणि घरी गेले. भाताला हातसुद्धा लावला नव्हता.

मला अजूनही वाटतं की त्या बाईला खुर्ची मिळायलाच हवी होती. ते मी बदलणार नाही. पण मला ती दुसऱ्या कुठल्याही रीतीनं मिळवता आली असती. बाजूच्या स्टॉलवरून मागून आणता आली असती. काकांनाच विचारता आलं असतं, "काका, या बाईंचा पाय दुखतोय, काय करूया?" मी परक्या माणसाला असंच विचारलं असतं. तेच तर मी लोकांना शिकवते. घरच्या माणसाला मी ते विचारलं नाही, कारण मला त्यांची लाज वाटत होती. पाय पसरण्याची, घावन्यांची, टॉवेलची. सगळ्यांची.

मी रविवारी येतेय. थेट काकांच्या घरी जाईन आणि सगळ्यांसमोर माफी मागेन. त्यांनी उभं ठेवलं तर उभी राहीन. तू फक्त शेड बंद करू नकोस.

तुझी,
मृणाली

---

पावस,
७ मे

चि. मृणालीस अनेक आशीर्वाद.

पाटणकरांचा मुलगा आज पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतेय, म्हणजे तू निघायच्या आत मिळेल. फोनवर सांगितलं असतं, पण तू 'पण आत्या' म्हणून मध्ये घुसली असतीस, आणि हे मध्ये घुसण्यासारखं नाही.

तुझी नम्रताबाई काल आली. तू कळवलंच नव्हतंस, मग ती येणारच. रत्नागिरी स्टेशनवरून रिक्षा करून आली. रिक्षावाल्याला वाट कळेना, म्हणून त्यानं नेमकी भावजींच्या बेड्यापाशी, कुंपणाच्या फाटकाशी, रिक्षा थांबवली. बाई उतरली, पाय ओढत आत गेली, पत्ता विचारायला.

मला गोदाची नात धावत सांगायला आली. मी होते तशी पिठाच्या हातांनी निघाले. मनात म्हटलं, आता काय ऐकावं लागतंय देव जाणे. मी बेड्याशी पोचले तेव्हा ती ओट्यावर बसलेली होती. भावजींनीच बसवलं होतं. गूळपाणी समोर होतं. आणि ती हात जोडून त्यांच्याशी बोलत होती.

"अहो, तुम्हीच ना ते? प्रदर्शनात मला स्वतःची खुर्ची दिलीत ते? माझ्या पायाचं ऑपरेशन झालेलं. सकाळपासून हिंडत होते, सगळे हातात कागद कोंबत होते, पण बसा म्हणून कुणी म्हणालं नाही. तुम्ही वयानं एवढे मोठे, आणि माझ्यासाठी उठलात. वर छत्री घेऊन निघूनही गेलात, आभार मानायलासुद्धा थांबला नाहीत. मी बडोद्याला घरी सगळ्यांना हे सांगितलं."

भावजींनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. गोदा दारात उभी, तीही बघत होती. शेजारचेही दोघेतिघे आले होते. सगळ्या वाडीला ठाऊक आहे की त्यांना कुणी उठवलं. त्या बाईला एकटीला ठाऊक नाही, ती तेव्हा बाहेर वाटेत होती आणि त्या गलक्यात तिला तुझं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. भावजी एक शब्द बोलले असते, "मी उठलो नाय, मला उठवला," तर तिचा सगळा आदर तिथंच सांडला असता. पण ओट्यावर बसलेल्या पाहुणीला खोटं पाडायचं कसं?

त्यांनी गूळपाणी तिच्यापुढे सरकवलं. मग म्हणाले, "हां, मग! पाहुणी उभी आणि मी बसून ऱ्हायचा, असां कसां चालंल?" आणि घरात बघून ओरडले, "गोदा, बघत काय उभी ऱ्हायलीस? सरबत आण!"

बाईंना त्यांनी स्वतः माझ्या शेडपर्यंत आणलं. रिकाम्या ताडपत्र्या बघून ती गोंधळली, तर माझ्या आधी तेच बोलले, "यंदा फळ जरा मागास हाय. उद्यापासून येतला." आज सकाळी उजाडायच्या आत त्यांच्या घरची पहिली टोपली आली. दुपारपर्यंत ओळीनं सगळ्यांच्या. निम्मं फळ वाया गेलंय, ते आता परत येत नाही, आणि पाऊस डोक्यावर आहे. बाईंना हवं तेवढं निघणार नाही, पण निघेल ते चांगलं निघेल. तिला तसं सांगितलं, ती चालेल म्हणाली. गोदा माझ्या शेजारी बसून फोडतेय. झाकण तिला दिलं. दोघींचे हात कोपरापर्यंत लाल झालेत.

टोपली उतरवताना भावजी मला म्हणाले, "मथुरे, त्या पोरीला कळव. मी पाहुणीसाठी उठलेलो. ती काय म्हणाली ता मी आयकलांच नाय."

आता नीट वाच. तू रविवारी येतेस तर ये. हात कमी पडतायत, फोडायला बस. भावजींकडे जा, बस म्हणतील तिथं बस, देतील ते पी, रॉटरडॅमची गोष्ट सांगतील ती पहिल्यांदाच ऐकतेस तशी ऐक. पण माफीचा शब्द काढू नकोस. रविवारी नाही, गणपतीत नाही, कधीच नाही. तू इतके दिवस मागायला तयार नव्हतीस, आणि आता तयार झालीस तर मागायची सोय राहिली नाही. घशाशी येईल तेव्हा गिळ. मला तुझी दया येते आणि अजून रागही येतो, दोन्ही आहे.

त्यांनी साऱ्या वाडीदेखत सांगितलंय की ते आपणहून उठले. तू माफी मागितलीस, तर त्यांना दुसऱ्यांदा उठवशील.

तुझी आत्या,
मथुरा